हेरॉडलाही लाजवणारं क्रियापद

क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्याला 'आउट' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आउट म्हणजे बाद, खेळी संपली, तंबूत परत. पण सामना संपल्यावर तोच समालोचक म्हणतो, 'भारतानं ऑस्ट्रेलियाला आउटप्ले केलं', तेव्हा त्या 'आउट'चा बाद होण्याशी काडीचाही संबंध नसतो. भारत सरस खेळला, एवढाच त्याचा अर्थ. 'आउटक्लास' केलं म्हटलं तर दोन्ही संघांच्या दर्जातच अंतर होतं. मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'आउटस्टँडिंग' असा शेरा आला की घरात पेढे येतात, आणि बँकेच्या पत्रात तोच शब्द आला की थकबाकी भरायची चिंता लागते.

एकच उपसर्ग हरवतोही आणि जिंकवतोही, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की आपण इंग्रजीतल्या एका विलक्षण, आज क्वचितच वापरल्या जाणाऱ्या क्रियापदापाशी पोचतो. ते क्रियापद म्हणजे 'आउट-हेरॉड'. एका राजाच्या नावापासून बनलेलं आणि 'वरताण करणं' असा अर्थ असलेलं हे क्रियापद शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधून भाषेत आलं. ते समजून घ्यायचं तर आधी 'आउट'ची करामत पाहायला हवी.

कड कोणाची?

'आउट' म्हणजे बाहेर. बाहेर म्हटलं की कुठली तरी हद्द आली. 'आउटडोअर'मध्ये ती घराची असते, 'आउटलाइन'मध्ये आकृतीची. बँकेचं 'आउटस्टँडिंग' म्हणजे अजून बाहेर असलेले, आत न आलेले पैसे. प्रगतिपुस्तकातलं 'आउटस्टँडिंग' म्हणजे रांगेतून पुढे आलेला, वेगळा उठून दिसणारा. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

आता 'आउटरन' घ्या. पातेल्यातलं दूध उतू जातं तेव्हा ते पातेल्याची कड ओलांडतं. या जातीच्या क्रियापदांत ती कड प्रतिस्पर्ध्याची असते. त्याची धाव जिथे संपते त्याच्या पलीकडे तुमची धाव गेली, की तुम्ही त्याला 'आउटरन' केलं. त्याचं आयुष्य जिथे संपलं त्याच्या पलीकडे तुमचं गेलं, तर 'आउटलिव्ह' केलं. त्याचं वजन जिथे थांबतं त्यापुढे तुमचा काटा गेला, तर 'आउटवे' केलं.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती पुढे फार उपयोगी पडणार आहे. या क्रियापदांना थोरवीशी देणंघेणं नाही. दोघेही रडतखडत धावले तरी एक दुसऱ्याला 'आउटरन' करू शकतो. दोघेही अल्पायुषी ठरले तरी एकानं दुसऱ्याला 'आउटलिव्ह' केलेलं असतं. मोजमाप फक्त समोरच्याचं. शेरास सव्वाशेर भेटला, बस्स. शेर मुळात किती मोठा, हे इथे कोणी विचारत नाही.

खाण्याच्या जागी खाणारा

'आउट' लागताच क्रियापदाच्या व्याकरणातही उलथापालथ होते, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

'रन', 'लिव्ह', 'शाइन' ही अकर्मक क्रियापदं. धावणं, जगणं, चमकणं या क्रिया कुणावर घडत नाहीत. पुढे 'आउट' बसवला की ती सकर्मक होतात आणि कर्माच्या जागी प्रतिस्पर्धी येऊन बसतो. 'सेल', 'ईट' ही क्रियापदं मुळातच सकर्मक. दुकानदार माल विकतो, पाहुणा जिलबी खातो. पण 'आउटसेल' म्हटलं की माल वाक्यातून उठून जातो. एका पुस्तकानं दुसऱ्या पुस्तकाला 'आउटसेल' केलं, असंच म्हणावं लागतं. 'आउटईट' केलं जातं ते पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला. जिलबीला 'आउटईट' करता येत नाही. विकण्याची वस्तू, खाण्याचा पदार्थ, म्हणायचं गाणं हे सारं बाजूला पडतं आणि समोर राहतो तो ज्याला मागं टाकलं तो.

म्हणून इंग्रजी वाचताना एखादा अनोळखी 'आउट' भेटला, तर त्याच्या पुढे काय आलंय ते पाहावं. प्रतिस्पर्धी आला असेल तर हा वरचढ ठरण्याचा 'आउट'. काम आलं असेल, तर 'आउटसोर्स'सारखा बाहेर नेण्याचा.

हा उपसर्ग क्रियापदांपुरताही थांबत नाही. नामाला लागला की त्याचंही क्रियापद होतं. 'नंबर'पासून 'आउटनंबर' म्हणजे संख्येनं भारी पडणं. 'गन'पासून 'आउटगन', 'रँक'पासून 'आउटरँक', 'विट'पासून 'आउटविट'. कोल्ह्याच्या 'फॉक्स'पासून 'आउटफॉक्स', म्हणजे चातुर्यात मात करणं. सेनापतीच्या 'जनरल'पासून 'आउटजनरल', म्हणजे सेनापतित्वात वरचढ ठरणं. हेही आता दुर्मीळ झालंय, पण युद्धांच्या इतिहासात भेटतं. 'स्मार्ट' हे तर विशेषण, त्याचंही 'आउटस्मार्ट' झालं. जे काही मोजता येतं, तोलता येतं, ते या उपसर्गाला चालतं.

मग माणसाचं नाव का चालू नये? शेक्सपिअरनं नेमकं तेच केलं. पण त्याआधी 'आउट'च्या जुळ्या भावाकडे एक नजर टाकायला हवी.

पंगतीतला पैलवान

लग्नाच्या पंगतीत एक पैलवान दहा जिलब्या खातो आणि ताक पिऊन शांतपणे उठतो. शेजारचा मुलगा सहा जिलब्यांतच पोट धरून बसतो. पैलवानानं मुलाला 'आउटईट' केलं, पण 'ओव्हरईट' केलं ते मुलानं. 'ओव्हर'ला मोजमाप लागतं ते स्वतःच्या मर्यादेचं, 'आउट'ला दुसऱ्याच्या.

हा भेद आजच्या इंग्रजीत बराच पक्का आहे. 'आउटप्ले' करणारा संघ जिंकतो, तर 'ओव्हरप्ले' करणारा नट भूमिका बिघडवतो. पूर्वी मात्र तो एवढा पक्का नव्हता. जुन्या इंग्रजीत वरचढ ठरण्याचा अर्थ 'ओव्हर'कडेही होता, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'आउट'चं पेव फुटलं तरी 'ओव्हर' मैदान सोडून गेला नव्हता. 'हॅम्लेट'मध्ये ज्या एका वाक्यात 'आउट-हेरॉड' येतं, त्याच वाक्यात 'ओव्हर' लागलेलं एक क्रियापदही येतं. हे दोघे भाऊ तिथे खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

हॅम्लेटची तालीम

प्रसंग तिसऱ्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशाचा. डेन्मार्कच्या राजवाड्यात फिरती नाटक मंडळी आली आहे. आपल्या बापाचा खून काकानंच केला का, हे हॅम्लेटला पडताळून पाहायचं आहे. म्हणून काकाच्या समोर तशाच खुनाचं नाटक करायचं आणि त्याचा चेहरा वाचायचा, असा त्याचा बेत. हा बेत सर्वस्वी अभिनयावर अवलंबून आहे. नट किंचाळायला लागले, तर काका ते सोंग म्हणून हसून सोडून देईल आणि सापळा रिकामा राहील.

म्हणून राजपुत्र स्वतः नटांना धडे देतो. शब्द जिभेवरून सहज येऊ द्या, हातांनी हवा कापू नका, भावनेच्या वावटळीतही तोल सांभाळा. जे नट नुसता आरडाओरडा करून उभ्यानं पाहणाऱ्या पिटातल्या गर्दीला खूश करतात, त्यांच्यावर त्याचा भारी राग. अशा नटाला फटके द्यावेत, असं तो म्हणतो. का, तर तो टर्मागंटच्याही वर जातो, हेरॉडवरही ताण करतो.

टर्मागंट हे मध्ययुगीन युरोपीय कथांमधलं एक काल्पनिक दैवत. मुसलमान त्याची पूजा करतात असा तिकडच्या लोकांचा अडाणी समज होता. टर्मागंट म्हटलं की थयथयाट, हे ठरलेलं. पण हेरॉड हा खराखुरा राजा होता आणि त्याची कथा जास्त रंजक आहे.

रस्त्यावर उतरणारा राजा

हेरॉड हा ज्यूडियाचा राजा, रोमनांच्या आधारानं गादीवर बसलेला. त्याचा मृत्यू इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास झाला असं सर्वसाधारणपणे मानतात. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानात त्याची कथा येते. यहुद्यांचा नवा राजा जन्मला आहे असं कळताच तो हादरतो आणि बेथलेहेम परिसरातली दोन वर्षांपर्यंतचे सगळे मुलगे कापून काढायचं फर्मान सोडतो. या कत्तलीचा उल्लेख दुसऱ्या समकालीन साधनांत सापडत नसल्यामुळे बरेच इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. लोकमानसात मात्र हेरॉडची प्रतिमा कायमची ठरून गेली.

ती प्रतिमा ठसवली नाटकांनी. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या शहरांमध्ये बायबलमधल्या कथांवर नाटकं होत. ती करणारे कोण, तर शहरातले कारागीर. शिंपी, सुतार, लोहार, विणकर यांच्या संघटनांनी एकेक प्रसंग वाटून घेतलेला असे. बऱ्याच शहरांत चाकांच्या गाड्यांवर रंगमंच उभा करून तो रस्त्यांतून ओढत नेत. यॉर्क शहरात हा खेळ भल्या पहाटे सुरू होऊन शहरातल्या ठरलेल्या ठिकाणी दिवसभर चाले.

या नाटकांतला सर्वांत गाजलेला खलनायक म्हणजे हेरॉड. तो येताच स्वतःची थोरवी गातो, प्रेक्षकांना गप्प बसायला बजावतो, तलवार परजतो, रागानं लाल होतो. कॉव्हेंट्रीच्या लोहारांच्या जमाखर्चात हेरॉडचा चेहरा आणि त्याची तलवार रंगवण्याचा खर्च नोंदलेला आहे. त्याच शहरातल्या शिंप्यांच्या नाटकाच्या संहितेत नटासाठी एक सूचना आहे, की हेरॉडनं गाडीवरच्या रंगमंचावर तर थैमान घालावंच, पण रस्त्यावरही घालावं. म्हणजे हा राजा रंगमंचावरून उतरून थेट गर्दीत घुसायचा. पुढच्या रांगेतल्या पोरांची काय तारांबळ उडत असेल, ते सहज डोळ्यांपुढे येतं.

शेक्सपिअरच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकाच्या शेवटी, चॉसरनंही आपल्या एका कथेत हेरॉडची भूमिका करणारं पात्र आणलं आहे. चर्चमधला एक नाजूक, नटवा कारकून उंच मंचावर हेरॉड होऊन उभा राहतो. हेरॉड म्हणजे काय हे वाचकाला सांगावं लागेल, असं चॉसरला वाटलं नाही, एवढी ही भूमिका घरोघरी पोचलेली होती.

कॉव्हेंट्री हे शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डपासून तीसेक किलोमीटरवर. तिथली ही नाटकं १५७९ पर्यंत चालली आणि मग बंद पडली. तेव्हा शेक्सपिअर पंधरा वर्षांचा होता. त्यानं लहानपणी हा रस्त्यावर उतरणारा हेरॉड पाहिला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. लेखी पुरावा नाही, पण 'हॅम्लेट'मधलं ते क्रियापद ज्या सहजतेनं येतं, ती पाहता मला हा तर्क पटतो.

आता क्रियापदाचा अर्थ उलगडतो. हेरॉड म्हणजे आरडाओरड्याची परमावधी. तीच कड धरली आणि एखादा नट तिच्याही बाहेर गेला, तर त्यानं हेरॉडला 'आउट-हेरॉड' केलं. हेरॉडपणात हेरॉडला मागं टाकलं. नाव एकदा क्रियापदात येतं आणि एकदा कर्मात. त्यामुळे दुसऱ्यांदा ते येईपर्यंत पहिल्याची धग शमलेली नसते.

शेक्सपिअरची टांकसाळ

हा त्याचा एकमेव प्रयोग नव्हे. 'आउट' लावून क्रियापदं पाडायचा शेक्सपिअरला नादच होता. 'ऑथेल्लो'मध्ये जिभेपासून 'आउट-टंग' आहे. माझी राज्यासाठीची कामगिरीच त्याच्या तक्रारींपेक्षा मोठ्यानं बोलेल, असा तिथला भाव. 'सिम्बेलिन'मध्ये लबाड या अर्थाच्या विशेषणापासून 'आउट-क्राफ्टी' आहे, तर विषापासून 'आउट-व्हेनम'. 'किंग लिअर'मध्ये रंगेलपणात तुर्कस्तानच्या सुलतानाला मागं टाकण्यासाठी 'आउट-पॅरामूर' येतं. 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'मध्ये एक बढाईखोर शिपाई एवढं कपट करतो, की त्यानं खलत्वालाच 'आउट-व्हिलन' केलं, असं म्हटलं जातं.

यातली बहुतेक नाणी चलनातून गेली, 'आउट-हेरॉड' मात्र टिकलं. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत त्याला स्वतंत्र जागा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा साचा टिकला. हेरॉडच्या जागी कुठलंही नाव घाला, क्रियापद तयार. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतल्या राजकारणाविषयी इंग्रजी वर्तमानपत्रांत 'आउट-ट्रम्प ट्रम्प' अशा धाटणीचे मथळे दिसतात. ट्रम्प यांच्याच शैलीत त्यांच्यावर कुरघोडी करू पाहणारा, असा त्यांचा रोख. मथळा लिहिणाऱ्याला हेरॉड आठवत असेलच असं नाही, पण साचा त्याचाच आहे.

| चौकट: 'आउट' ओळखताना |
|---|
| पुढे प्रतिस्पर्धी आला तर अर्थ वरचढ ठरण्याचा: 'आउटरन', 'आउटसेल', 'आउटशाइन'. |
| वरचढ ठरण्याच्या क्रियापदांत उच्चाराचा जोर दुसऱ्या भागावर पडतो: 'रन', 'शाइन'वर. 'आउटकम', 'आउटपुट'सारख्या नामांत तो 'आउट'वर पडतो. |
| भूतकाळाचं रूप मूळ क्रियापदाप्रमाणे होतं: 'रन'चं 'रॅन', म्हणून 'आउटरॅन'. |
| व्यक्तिनामापासून बनलेल्या क्रियापदात मध्ये जोडरेघ असते आणि नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू होतं. |

कुंभकर्णालाही लाजवेल अशी झोप

मराठीत हा अर्थ कसा येतो? मागं टाकणं, मात करणं, कडी करणं, वरताण करणं, फिकं पाडणं, कुरघोडी करणं असे वाक्प्रचार आपल्याकडे ढिगानं आहेत. 'दहा जणांना पुरून उरला' यातला 'पुरून उरणं' तर मला सर्वांत आवडतो, कारण कड ओलांडण्याची कल्पना त्यात मुळातच आहे. संस्कृतात हेच काम 'अति' हा उपसर्ग करी. 'अतिशय' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वरचढ ठरणं असाच आहे, आणि तिथेही मागं पडलेला प्रतिस्पर्धी कर्म होऊन येतो. पुढे मराठीत 'अति'कडे मुख्यतः प्रमाणाबाहेर जाण्याचा अर्थ उरला. अतिवृष्टी, अतिरेक, अति तिथे माती, हे सगळे त्या 'ओव्हर'च्या घरचे.

नावापासून क्रियापद मात्र आपण पाडत नाही. तरीही 'आउट-हेरॉड'ला मराठीत तोडीस तोड रचना आहे, आणि ती आपण रोज वापरतो. कुंभकर्णालाही लाजवेल अशी झोप. नारदालाही लाजवेल असा कळलाव्या. शकुनीलाही लाजवेल असा कपटी. एखाद्या गुणासाठी किंवा दुर्गुणासाठी प्रसिद्ध असलेला माणूस घ्यायचा, त्याला 'लाही' लावायचं, आणि त्याच्याच क्षेत्रात त्याला खाली मान घालायला लावायची. इंग्रजी 'आउट' जे काम करतो, ते इथे 'ही' हे अव्यय आणि 'लाजवणं' हे प्रयोजक क्रियापद मिळून करतात.

'हॅम्लेट' मराठीत आलं ते फार पूर्वी. गोपाळ गणेश आगरकरांचं 'विकारविलसित' १८८३ मधलं, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या रंगमंचावर गणपतराव जोशी यांनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजवला. आज एखाद्याला हा प्रवेश नव्यानं मराठीत आणायचा झाला तर हेरॉडचं काय करावं? कंस हाताशी आहे. नव्या जन्माच्या भीतीनं तान्ह्या बाळांचा जीव घेणारा राजा, ही दोघांचीही कथा. पण हॅम्लेटचा आक्षेप क्रूरपणावर नाही, नटाच्या आक्रस्ताळेपणावर आहे. म्हणून माझं मत असं, की कंसाचं नाव घ्यायचंच तर 'नाटकातल्या कंसालाही लाजवेल' असं म्हणावं. 'नाटकातल्या' हा शब्द गाळला, तर नट खुनी वाटायला लागेल.

वापरायचं असेल तर

या क्रियापदाच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो त्याच्या सुराचा. कोशात 'वरचढ ठरणं' हा अर्थ वाचून कोणी ते कौतुकासाठी वापरतो. पण हॅम्लेटनं ते नटाला फटकारण्यासाठी वापरलं होतं, आणि चारशेहून अधिक वर्षं झाली तरी तो फटका त्यातून गेलेला नाही. 'आउट-हेरॉड' म्हणजे क्रौर्य, बडबड, भडकपणा, आक्रस्ताळेपणा यांत कुणावर कडी करणं. 'आउट' मुळात प्रतिस्पर्ध्याची कड पाहतो, ती कड चांगली की वाईट हे पाहत नाही. हेरॉडची कड वाईटच होती, त्यामुळे तिच्या बाहेर जाणं हा गौरव ठरूच शकत नाही.

इतर नावांच्या बाबतीत सूर नावाप्रमाणे बदलतो. चांगल्या फलंदाजाचं नाव साच्यात घातलं तर स्तुती होईल, हुकूमशहाचं घातलं तर निंदा. ज्याचं नाव घ्यायचं त्याची ओळख वाचकाला एका शब्दात पटेल, एवढी मात्र पक्की हवी. इंग्रजीत पत्र लिहिताना, परीक्षेत निबंध लिहिताना एखाद्या गुणी माणसाचं कौतुक करायचं असेल, तर 'आउटशाइन' किंवा 'सरपास' वापरा. 'आउट-हेरॉड' राखून ठेवा ते सभेत माइक हातात आल्यावर टेबल आपटत किंचाळणाऱ्यांसाठी.